इनो सेटअप: एकट्याने सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या नजरेतून

गेली सात वर्षे मी इंदूरमध्ये एकट्याने एक छोटे डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो आणि विकतो. तयार कपड्यांच्या ठोक व्यापाऱ्यांसाठी बिले, उधारी, दलाली आणि बिल्ट्या यांचा हिशेब ठेवणारा हा प्रोग्राम राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि एम. टी. क्लॉथ मार्केटच्या परिसरात मिळून चाळीसेक दुकानांत चालतो. शिवाय त्याची एक प्रत लोकमान्य नगरातील महिलांच्या एका गृहउद्योगाकडे आहे, जिथे कापडाऐवजी पापड, मेतकूट आणि भाजणी यांची बिले निघतात. प्रोग्राम लाझारस या साधनात, म्हणजे पास्कल भाषेत लिहिलेला आहे आणि दुकानाची सगळी माहिती एसक्यूलाइट या माहितीसाठ्याच्या एकाच फाइलीत राहते. हा तपशील आधीच सांगितला, कारण सेटअप तयार करणारे साधन चांगले की वाईट हे ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या संगणकावर जाणार आहे यावर ठरते. येथे ज्याचे परीक्षण करीत आहे ते साधन आहे इनो सेटअप.

ज्यांनी कधी स्वतःचे सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिले नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपण लिहिलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर चालतो तेव्हा त्याच्याभोवती हव्या त्या फाइली, फॉन्ट आणि फोल्डर आधीच हजर असतात. ते सारे ग्राहकाच्या संगणकावर नेमक्या जागी ठेवणे, स्टार्ट मेनूत नाव घालणे, पुढे कधी प्रोग्राम काढायचा झाला तर तो नीट निघेल अशी नोंद करणे, हे सगळे काम एका सेटअप फाइलीने करायचे असते. इनो सेटअप ती फाइल तयार करून देतो. आपण साध्या मजकुराची एक स्क्रिप्ट लिहायची, तिच्यात कोणती फाइल कुठे जाईल ते ओळीओळीने सांगायचे आणि कंपाइलचे बटण दाबायचे. सगळे दाबून बसवलेली एकच फाइल तयार होते. माझ्या प्रोग्रामच्या तेवीस एमबीच्या फाइली सहा एमबीच्या सेटअपमध्ये मावतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्या दुकानदारासाठी हा फरक लहान नाही.

हे साधन जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले आणि पुढे मार्टाइन लान हेही त्याच्या कामात आले. विंडोज ९५ च्या काळात सुरू झालेले, डेल्फी या पास्कलच्याच भावंडात लिहिलेले आणि अजून नियमाने नव्या आवृत्त्या निघणारे असे दुसरे साधन माझ्या टेबलावर नाही. मूळ कोड उघडा आहे आणि डाउनलोडला पैसे पडत नाहीत. मात्र धंद्यासाठी वापरणाऱ्याने परवान्याचे पान स्वतः वाचावे आणि आपल्या मिळकतीतून काही देणे लागतो का ते स्वतःच ठरवावे. ज्याच्या जिवावर मी सात वर्षे बिले फाडली त्याचे पैसे मी दिले.

इतकी प्रस्तावना पुरे. माझे मुख्य म्हणणे असे आहे की सेटअपचे साधन पहिल्या वेळी कळत नाही. नव्या संगणकावर चार फाइली नेऊन ठेवणे कोणतेही साधन करते, झिप फाइलसुद्धा करते. खरी परीक्षा असते ती त्याच संगणकावर, त्याच दुकानात, वर्षभराची उधारी आत साठलेली असताना दुसऱ्यांदा सेटअप चालवण्याची. त्या वेळी इनो सेटअप काय करतो आणि काय करीत नाही, हे मला ज्या प्रसंगाने शिकवले तो सांगतो.

पहिल्या आवृत्तीसोबत मी माहितीची एक रिकामी फाइल सेटअपमध्येच घातली होती, म्हणजे प्रोग्राम उघडताच खाती, ग्राहक आणि बिले यांचे कोरे तक्ते तयार मिळावेत. स्क्रिप्टमध्ये ती इतर फाइलींसारखीच एका ओळीत लिहिलेली होती. पुढे सहा महिन्यांनी मी छपाईत एक दुरुस्ती केली, नवा सेटअप बांधला आणि एका दुकानात स्वतः जाऊन चालवला. दहा सेकंदांत काम झाले. सेठजींनी प्रोग्राम उघडला, उधारीची यादी मागितली, आणि पडद्यावर एकही नाव नव्हते. इनो सेटअपचा नियम असा आहे की जागेवर असलेल्या फाइलीला आवृत्तीचा क्रमांक नसेल तर नवी फाइल तिच्यावर बसते, आणि माहितीच्या फाइलीला असला क्रमांक नसतोच. साधनाने मी सांगितले तेच केले होते. तीन दिवसांपूर्वीची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून मी वाचलो. उरलेल्या तीन दिवसांची बिले मुनीमजींनी छापील प्रतींवरून वाचून दाखवली आणि मी टंकली. प्रत्येक बिलाच्या शेवटी मुनीमजी क्षणभर थांबत, रक्कम जुळली का ते माझ्या तोंडाकडे पाहून ठरवत आणि मगच पुढचे बिल उचलत. रात्री साडेदहाला सेठजी एवढेच म्हणाले, “भिया, पुराना वाला ही चलने देते.”

उपाय स्क्रिप्टमध्ये दोन शब्दांचा निघाला. फाइलीच्या ओळीला दोन फ्लॅग जोडता येतात: एकाचा अर्थ “ही फाइल आधीच असेल तर हात लावू नको” आणि दुसऱ्याचा “प्रोग्राम काढतानाही ही फाइल काढू नको”. हे दोन्ही फ्लॅग मदतीच्या फाइलीत पहिल्या दिवसापासून स्पष्ट लिहिलेले होते. इनो सेटअपची मदत-फाइल हा या साधनाचा निम्मा गुण आहे, असे मी समजतो. प्रत्येक सूचनेचे वर्णन, तिचे मूळ मूल्य आणि ती कधी वापरू नये याचा इशारा अशा क्रमाने ती लिहिलेली आहे. पण ती वाचावी लागते. हे साधन आपल्या हाती सगळे देते आणि आपल्या अज्ञानापासून आपल्याला वाचवण्याची कोणतीही जबाबदारी घेत नाही, हा त्याचा स्वभाव नवख्याने आधी ओळखावा.

याच नियमाची दुसरी बाजू प्रोग्रामच्या मुख्य फाइलीला लागू होते आणि ती अधिक फसवी आहे. जिला आवृत्तीचा क्रमांक आहे अशा फाइलीच्या बाबतीत सेटअप जुना आणि नवा क्रमांक ताडून पाहतो. तो सारखाच असेल तर जुनी फाइल तशीच ठेवतो. एकदा घाईत मी क्रमांक वाढवायला विसरलो. सेटअप हिरवी पट्टी पूर्ण करून “झाले” म्हणाला आणि दुकानात जुनाच प्रोग्राम उघडत राहिला. दुरुस्ती केली आहे असे मी फोनवर सांगत होतो आणि समोरचा माणूस चूक तशीच आहे असे सांगत होता. दोघेही खरे बोलत होतो. क्रमांक न पाहता फाइल बदलण्याचाही फ्लॅग आहे, आणि स्वतःच्या प्रोग्रामच्या मुख्य फाइलीसाठी तो लावणे एकट्या डेव्हलपरच्या हिताचे आहे.

हे दोन धडे घेतल्यावर मात्र साधनाचे गुण दिसू लागतात. प्रत्येक प्रोग्रामला स्क्रिप्टमध्ये एक कायमची ओळख द्यायची असते, तिला ॲपआयडी म्हणतात. नाव बदला, आवृत्ती बदला, ओळख तीच ठेवा. सेटअप मागच्या वेळी कुठे बसवले होते ते शोधून तिथेच नवे बसवतो आणि प्रोग्राम काढण्याच्या नोंदवहीत नव्या फाइलींची नावे जुन्यांच्या खाली लिहितो. माझ्या एका ग्राहकाने पहिल्या दिवशी प्रोग्राम डी ड्राइव्हवर “दुकान” नावाच्या फोल्डरमध्ये बसवला आणि ते तो स्वतः विसरून गेला. त्यानंतरची अकरा अद्यतने त्याला काहीही न विचारता त्याच फोल्डरमध्ये गेली आहेत.

या गुणाचा कस लागला तो गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांची फेररचना ठरवली आणि ती २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाली. तयार कपड्यांना तोवर प्रतिनग हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा दर होता. नव्या रचनेत ५ टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि त्यावरच्या कपड्यांना १८ टक्के लागू झाले. सणाच्या मालाची उचल ऐन भरात असताना हा बदल चाळीस दुकानांत पोहोचवायचा होता, आणि कबूल करायला हवे की हजार रुपयांची मर्यादा मी माहितीच्या फाइलीत न ठेवता थेट प्रोग्राममध्ये लिहून ठेवली होती. म्हणजे प्रत्येक ठिकाणी मुख्य फाइल बदलणे भाग होते.

इनो सेटअपने बांधलेली फाइल गुपचूप, म्हणजे एकही खिडकी न दाखवता चालवता येते. माझा प्रोग्राम नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती उतरवून ठेवतो आणि दुकान बंद करताना प्रोग्राम बंद झाला की सेटअप या पद्धतीने सुरू करतो. हे उतरवण्याचे आणि तपासण्याचे काम मात्र मलाच लिहावे लागले. स्वयंचलित अद्यतन ही गोष्ट या साधनात नाही, आणि फक्त बदललेला भाग पाठवण्याची सोयही नाही, प्रत्येक वेळी पूर्ण सेटअप जातो. सेटअप फाइली बदलण्यापूर्वी काय करायचे ते पास्कलमध्ये लिहिता येते. महाविद्यालयात टर्बो पास्कल शिकलेल्या माणसाला याचा जो आनंद होतो तो इतरांना समजणार नाही. मी तिथे आठ-दहा ओळी लिहून माहितीच्या फाइलीची त्या दिवसाच्या तारखेची प्रत काढतो आणि मगच पुढे जाऊ देतो. ही स्क्रिप्ट ओळीओळीने थांबवून तपासताही येते, त्यामुळे ग्राहकाच्या संगणकावर प्रयोग करण्याची वेळ येत नाही.

बिलाच्या तारखेप्रमाणे दर ठरावा अशी आवृत्ती मी आठवडाभर आधीच सोडली. सर्वपित्री अमावास्येच्या रविवारी, बाजार बंद असताना, मी यादी तपासली तेव्हा तीन दुकाने सोडून सगळीकडे ती बसलेली होती. त्या तिघांपैकी दोघांनी आठवडाभर संगणक बंदच केला नव्हता. तिसऱ्याचे कारण कळायला थोडा वेळ लागला. तिथे दुसरा काउंटर पहिल्या संगणकावरील सामायिक फोल्डरमधूनच प्रोग्राम उघडत होता. इनो सेटअप विंडोजच्या मदतीने कोणता प्रोग्राम फाइल अडवून बसला आहे ते शोधतो आणि तो बंद करायला सांगतो, पण हा शोध त्याच संगणकापुरता असतो. नेटवर्कच्या पलीकडच्या संगणकावर कोण बसले आहे ते त्याला दिसत नाही. मी सेटअपला कामाची नोंद लिहायला आधीच सांगून ठेवले होते. सेठजींच्या भाच्याने तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून ती नोंद काढून व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि शेवटून विसाव्या ओळीच्या आसपास, फाइल वापरात असल्यामुळे बदलता आली नाही, असे लिहिलेले सापडले. दुसरा काउंटर बंद करायला सांगितला, काम झाले. फोनवरून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला ही नोंदवही किती उपयोगी आहे हे सांगायला मला आणखी एक पान लागेल.

परवानगीच्या बाबतीत साधनाने मधला मार्ग दिला आहे. दुकानांतील संगणक बहुधा कोणा कॉम्प्युटरवाल्याने लावून दिलेले असतात आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिलेला असतो. ज्याला पासवर्ड नाही त्याने फक्त स्वतःपुरते बसवावे, ज्याला आहे त्याने सगळ्यांसाठी बसवावे, असा पर्याय सहाव्या पिढीपासून सेटअप सुरुवातीलाच विचारू शकतो. दुकानात सकाळी वडील एका नावाने आणि संध्याकाळी मुलगा दुसऱ्या नावाने संगणक उघडत असेल तर पहिला पर्याय निवडणे महागात पडते, कारण मुलाला प्रोग्राम दिसतच नाही. हे आधी विचारून घ्यावे.

आता मराठीकडे येतो. मी वापरलेल्या आवृत्तीसोबत आलेल्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती आणि हिंदीही नव्हती, त्यामुळे इंग्रजी संदेशांच्या फाइलीची प्रत घेऊन मी दोन्ही भाषांत रूपांतर केले. विंडोजमध्ये मराठीचा भाषा-क्रमांक ११०२ आहे, तो फाइलीच्या सुरुवातीला योग्य रीतीने द्यावा लागतो, आणि फाइल यूनिकोडमध्येच साठवावी लागते. हे तांत्रिक काम एका संध्याकाळचे होते. भाषेचे काम तीन आठवडे चालले.

अडचण अशी की या संदेशांत प्रोग्रामचे नाव नंतर भरले जाते. इंग्रजीत “अमुक बसवले गेले आहे” या वाक्यात नाव कोणतेही आले तरी बिघडत नाही. मराठीत क्रियापद नावाच्या लिंगाने वागते. “हिशेब बसवला”, “खातेवही बसवली”, “दुकान बसवले” या तिन्हींसाठी एकच वाक्य कसे लिहावे? बरेच दिवस डोके खाजवल्यावर उत्तर मिळाले की कर्म बदलून टाकावे: “अमुक बसवण्याचे काम पूर्ण झाले.” मग लिंग कामाचे राहते आणि नाव काहीही असो. संदेशांच्या फाइलीत अशा पंधरा-वीस जागा निघाल्या आणि प्रत्येक ठिकाणी याच युक्तीचा कुठला ना कुठला प्रकार वापरावा लागला. “बसवणे” हा शब्दही सहज ठरला नाही. काही ठिकाणी “प्रतिष्ठापित करा” असे वाचायला मिळते, पण प्रतिष्ठापना म्हटली की मागोमाग विसर्जन आलेच. प्रोग्राम काढण्याच्या बटणावर काय लिहावे हा प्रश्न मग फारच गंभीर होतो.

लोकमान्य नगरातील गृहउद्योगाचा हिशेब पाहणाऱ्या काकूंना मी पहिली मराठी आवृत्ती दाखवली. त्यांनी बोटाने ओळी वाचल्या, “पुढे” या बटणापाशी थांबल्या आणि विचारले, “अहो, हे पुढे दाबलं तर बँकेतून पैसे तर जाणार नाहीत ना?” मी हसलो नाही. त्यांना संगणकावर “पुढे” हा शब्द याआधी बहुधा बँकेच्या पानावरच भेटला असावा. प्रोग्राम काढण्याच्या खिडकीत मूळ इंग्रजीत “आणि त्याचे सर्व घटक” असे शब्द आहेत. ते वाचून त्यांनी लगेच विचारले की पापडांची बिलेही जाणार का. बिले आणि खाती जागच्या जागी राहतील, असे एक वाक्य मी तिथे जोडले. इंग्रजी संदेश मी शेकडो वेळा वाचले असूनही ते मला सुचले नव्हते. व्यापाऱ्यांच्या बाबतीत उलटे झाले: हिंदीत “आगे” दिसताच दोघांनी फोन करून “नेक्स्ट” कुठे गेले असे विचारले, म्हणून हिंदी आवृत्तीत मी “नेक्स्ट” देवनागरीत ठेवले आहे.

अक्षरांच्या आकाराबद्दलही तक्रार नोंदवतो. सेटअपच्या खिडकीतील मूळ अक्षरे इंग्रजीच्या मापाने ठेवलेली आहेत. त्याच मापात देवनागरी आली की वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट सोबत मिळतो, त्याआधीच्या संगणकांवर मंगल असतो. भाषेच्या फाइलीतच फॉन्टचे नाव आणि माप बदलता येते, आणि एका मापाने वाढवल्यावर “सुरू” मधला दीर्घ ऊकार पूर्ण दिसू लागला. पण मग काही लांब वाक्ये चौकटीबाहेर गेली आणि ती पुन्हा आखूड करावी लागली. अक्षराखाली रेघ दाखवून कळफलकावरून बटण दाबण्याची इंग्रजी पद्धत देवनागरीत निरुपयोगी ठरते, ती मी सरळ काढून टाकली.

ज्या बाबतीत हे साधन हात वर करते, आणि वाजवीपणे करते, ती बाब म्हणजे डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे ही फाइल कोणी बनवली आणि नंतर ती बदललेली नाही हे सांगणारी खूण. नव्या डेव्हलपरला सर्वांत जास्त छळते ती निळी खिडकी: विंडोजने तुमच्या संगणकाचे संरक्षण केले, असे सांगून स्मार्टस्क्रीन हा विंडोजचा पहारेकरी सेटअप अडवतो आणि पुढे जाण्याचा मार्ग “अधिक माहिती” या बारीक अक्षरांच्या मागे लपवतो. दुकानदाराच्या दृष्टीने ही खिडकी म्हणजे व्हायरसच. गंमत अशी की पेन ड्राइव्हवरून नेलेल्या सेटअपला ही खिडकी बहुधा येत नाही. ब्राउझर इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला एक अदृश्य खूण लावतो आणि ती पाहून स्मार्टस्क्रीन जागा होतो. पेन ड्राइव्ह सामान्यतः ज्या एफएटी३२ पद्धतीने आखलेला असतो तिच्यात ही खूण ठेवायला जागाच नाही. त्यामुळे मी स्वतः दुकानात गेलो की सगळे सुरळीत आणि ग्राहकाने घरी डाउनलोड केले की फोन, असा प्रकार पहिली दोन वर्षे चालला. फाइल ओळखीची झाली की इशारा थांबतो, पण स्वाक्षरी नसलेल्या सेटअपची ओळख प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर शून्यापासून सुरू होते, आणि चाळीस ग्राहकांच्या डाउनलोडवर ती कधीच पुरी होत नाही.

म्हणून अशी स्वाक्षरी करण्याचे प्रमाणपत्र घेतले. १ जून २०२३ पासून असा नियम आहे की स्वाक्षरीची गुप्त किल्ली प्रमाणित उपकरणातच ठेवली गेली पाहिजे, म्हणजे फाइल ईमेलने मिळण्याचे दिवस संपले. यूएसबीच्या आकाराचे टोकन कुरिअरने येते. ज्या विक्रेत्याकडून मी ते घेतले त्याने माझ्या पत्त्याचा पुरावा तीनदा नाकारला, कारण वीजबिलावर वडिलांचे नाव होते, आणि प्रत्येक नकार चार दिवसांनी कळवला. पुढे टोकन आले तेव्हा मुदतीतला महिना निघून गेला होता. मुदत टोकन हाती पडल्यापासून नव्हे, प्रमाणपत्र दिल्यापासून मोजली जाते. पैसे भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

इनो सेटअपचे काम इथपासून सुरू होते आणि ते तो चोख करतो. स्वाक्षरीचा आदेश स्क्रिप्टमध्ये एकदा लिहून ठेवला की कंपाइल करताना सेटअपवर, आणि प्रोग्राम काढणाऱ्या फाइलीवरही, स्वाक्षरी होते. मुख्य प्रोग्रामच्या फाइलीवर ती व्हावी म्हणून वेगळा फ्लॅग लावायचा. माझे टोकन प्रत्येक स्वाक्षरीला पासवर्ड मागत असे, तेव्हा एका कंपाइलला तीनदा टंकावे लागे; टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच विचारण्याची सोय आहे हे मला चौथ्या महिन्यात कळले. एक चूक मात्र कोणी करू नये. स्वाक्षरीबरोबर वेळेची मोहर उमटवून घेण्याचा पत्ता आदेशात द्यायचा असतो, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपली तरी मुदतीत केलेली स्वाक्षरी ग्राह्य राहते. मी तो पत्ता वगळला होता. पहिल्या प्रमाणपत्राची मुदत संपली त्या दिवशी संकेतस्थळावरचा सेटअप एका रात्रीत अनोळखी झाला. प्रमाणपत्रामुळे निळी खिडकी पहिल्या दिवशी जाते असेही नाही. ओळख जमायला काही आठवडे लागले, फक्त ती आता एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर टिकते. ज्याचे ग्राहक पाच-दहा आहेत आणि सगळे गावातच आहेत, त्याने या खर्चात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर साधनांचा उल्लेख थोडक्यात करतो. एनएसआयएस हे विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्राम बनवणाऱ्या नलसॉफ्टकडून आलेले साधनही उघडे आणि समर्थ आहे, पण त्याची स्क्रिप्ट भाषा मला प्रत्येक वेळी नव्याने शिकावी लागली. विक्स हे मायक्रोसॉफ्टमधून २००४ मध्ये खुले झालेले साधन एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीचे सेटअप बनवते. शेकडो संगणकांवर एकदम सॉफ्टवेअर पाठवणाऱ्या कंपन्यांना तेच लागते आणि इनो सेटअप ते देत नाही. माझ्या ग्राहकांत एकाही ठिकाणी शेकडो संगणक नाहीत. एमएसआयएक्स ही मायक्रोसॉफ्टची त्यानंतरची पद्धत नवी आणि नीटनेटकी आहे, परंतु स्वाक्षरीशिवाय ती चालत नाही आणि जुन्या विंडोजवर तिचा उपयोग नाही.

आणि जुने विंडोज हा आमच्या बाजाराचा कायमचा विषय आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी दोन्ही माझ्या यादीत ठाण मांडून आहेत, आणि एका दुकानात तर एक्सपी आहे. इनो सेटअपच्या सहाव्या पिढीने २०१९ मध्ये एक्सपीचा निरोप घेतला; पाचव्या पिढीची शेवटची आवृत्ती ५.६.१ अजून तिथे चालते. ती मी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे आणि प्रत्येक अद्यतनाच्या वेळी त्या एका दुकानासाठी थोडी वेगळी स्क्रिप्ट तिच्यातून निराळी कंपाइल करतो. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर एकमेकींना त्रास न देता राहतात, एवढे श्रेय साधनाला द्यायला हवे. दुकानाचे मालक दिवाळीला नवा संगणक घेणार आहेत, असे ते गेल्या तीन दिवाळ्यांपासून सांगत आहेत.